वृद्ध स्त्रियांमधील मूत्राशयाचा कर्करोग : शस्त्रक्रियेचा विचार

मूत्राशयाच्या कर्करोगाची सुरुवात मूत्राशयाच्या आतल्या अस्तरात होते. हे अस्तर पातळ असते. त्याच्याखाली सैल तंतूंचा थर, त्याबाहेर स्नायूंची भिंत आणि त्याही पलीकडे चरबी. स्त्रीच्या शरीरात मूत्राशयाच्या पाठीला लागूनच योनीची पुढची भिंत आणि गर्भाशय असते. रोग अस्तरात आणि त्याखालच्या थरातच आहे की स्नायूत शिरला आहे, या एका गोष्टीवर पुढचे सारे ठरते. स्नायूत न शिरलेला रोग दुर्बिणीतून खरवडून काढता येतो. स्नायूत शिरला की अख्खे मूत्राशय काढण्याचा, किंवा त्याच्या तोडीचा दुसरा उपचार करण्याचा प्रश्न उभा राहतो.

सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडून चुकते. ‘आता वय झालं, कशाला चिरफाड’ असे म्हणून कुठे बऱ्या होऊ शकणाऱ्या बाईला घरी बसवले जाते, तर कुठे अंगातली ताकद न जोखताच तिला सहा-सात तासांच्या शस्त्रक्रियेला घातले जाते. जन्मसाल पाहून घेतलेला निर्णय दोन्हीकडे सारखाच कच्चा असतो. मूत्रपिंडांची क्षमता, चालण्याफिरण्याची ताकद, हृदय-फुप्फुसांची स्थिती आणि त्या बाईचे स्वतःचे मत, या चार गोष्टी तिच्या वयापेक्षा कितीतरी जास्त सांगतात.

२०२२च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी जगात सहा लाखांहून अधिक लोकांना हा कर्करोग झाला. त्यांत स्त्रिया सुमारे १ लाख ४३ हजार, म्हणजे एकूण रुग्णांच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. पुरुषांत हा रोग तिपटीहून जास्त आढळतो, म्हणून तो बाप्यांचा रोग मानला गेला आणि त्याची किंमत बायकांनी मोजली. बाईच्या लघवीत रक्त दिसले तर डॉक्टरच्या मनात कर्करोग सहसा शेवटी येतो. त्यामुळे निदानाच्या वेळी स्नायूत शिरलेला रोग स्त्रियांमध्ये तुलनेने जास्त सापडतो.

कारणांमध्ये तंबाखूचा धूर सर्वांत मोठा. धुरातली रसायने रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतात आणि तासन् तास अस्तराला लागून राहतात. रंगांच्या कारखान्यांतली रसायने हे दुसरे कारण. जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या शल्यचिकित्सकाने १८९५मध्ये रंगकामगारांच्या मूत्राशयातील गाठींची नोंद केली आणि धंद्यामुळे होणाऱ्या कर्करोगांच्या अभ्यासात ती नोंद पायाभूत ठरली. आफ्रिकेत, विशेषतः इजिप्तमध्ये, शिस्टोसोमा नावाचा कृमी या रोगाचे मोठे कारण होता. महाराष्ट्रात रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी १९५२च्या सुमारास याच कृमीच्या लागणीचे एक छोटे केंद्र सापडले होते. भारतात अशी नोंद विरळाच आहे. वऱ्हाडातल्या वृद्ध स्त्रियांपैकी विडी ओढणाऱ्या थोड्या. पण चुलीपुढे आणि घरातल्या पुरुषांच्या विडीच्या धुरात आयुष्य काढलेल्या अनेक आहेत. आणखी एका कारणाकडे आपल्याकडे विशेष लक्ष हवे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ज्यांनी पूर्वी किरणोपचार घेतले, त्यांच्या मूत्राशयावरही किरण पडलेले असतात आणि दहा-वीस वर्षांनी तिथे नवा कर्करोग उद्भवण्याचा धोका वाढलेला असतो. अशा बाईच्या लघवीत रक्त आले तर ‘शेक दिल्याचा परिणाम’ एवढ्यावर थांबता येत नाही.

या रोगाची पहिली खूण बहुधा एकच असते : न दुखता-खुपता लघवीतून रक्त जाणे. ते एक-दोन दिवस जाते आणि आपोआप थांबते, आणि थांबले म्हणजे बरे झाले असे वाटते. इथेच महिने वाया जातात.

वऱ्हाडातल्या मूर्तिजापूर, दर्यापूर, अकोट या भागात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. निंदणाला किंवा कापूस वेचायला गेलेल्या बाईला शेतात आडोसा नसतो, म्हणून ती पाणी कमी पिते आणि लघवी धरून ठेवते. जळजळ होते, लघवी लाल-पिवळी होते. उन्हाळी लागली म्हणून धन्याचे पाणी, सब्जा, ताक असे उपाय होतात, आणि बहुतेक वेळा ती खरोखर उन्हाळीच असते. म्हणूनच कर्करोगाचे रक्त तिच्याआड सहज लपते. दुसरी आड म्हणजे ‘अंगावरून जाणे’. पाळी थांबून वीस वर्षे झालेल्या बाईला लुगड्यावर डाग दिसला, तर तो लघवीच्या वाटेने आला की योनीमार्गे, हे तिचे तिलाच कळत नाही. सुनेला किंवा मुलाला सांगायचे तर लाज आडवी येते. पुढे डॉक्टरकडे गेल्यावर जंतुसंसर्गाच्या गोळ्यांचे एकामागून एक कोर्स होतात. अमेरिकेत २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लघवीतले रक्त पहिल्यांदा नोंदले गेल्यापासून कर्करोगाच्या निदानापर्यंत पुरुषांना सरासरी ७४ दिवस लागले, स्त्रियांना ८५. विम्याची आणि तपासणीची सोय असलेल्या देशातली ही गत आहे.

उलगडा साध्या गोष्टींनी होतो. पारदर्शक काचेच्या ग्लासात लघवी घेऊन पाहिली तर रंग कळतो. शंका राहिली तर नळी घालून थेट मूत्राशयातली लघवी घेतात. तिच्यात रक्त असेल तर ते गर्भाशयाचे नाही हे उघड होते. गर्भाशय पूर्वीच काढलेल्या बाईच्या बाबतीत तर ‘अंगावरून जातं’ या सांगण्यावर थांबूच नये. जंतू वाढवण्याच्या तपासणीत काही उगवले नाही आणि तरी लघवीत रक्तपेशी असतील, तर पुढची गोळी लिहून देण्यापूर्वी सोनोग्राफी आणि दुर्बीण तपासणी सुचवावी. मूत्राशय भरलेले असताना केलेल्या सोनोग्राफीत बहुतेक मोठ्या गाठी दिसतात, पण चपट्या किंवा बारीक गाठी निसटतात. सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणजे रोग नाही, असे म्हणता येत नाही.

खरे निदान दुर्बिणीचे. मॅक्सिमिलियन नित्झे या जर्मन डॉक्टरने १८७७मध्ये मूत्राशयात उजेड नेऊन आत पाहण्याचे यंत्र दाखवले आणि आजची सिस्टोस्कोपी त्यातूनच वाढली. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असल्याने ही तपासणी पुरुषांपेक्षा तिला कितीतरी सोपी जाते. बधिर करणारी जेली लावून काही मिनिटांत ती पार पडते. आत फुलकोबीच्या तुऱ्यासारखी, बारीक देठावर हलणारी गाठ दिसली तर ती बहुधा वरवरची असते. रुंद बुडाची, घट्ट, जखमेसारखी गाठ दिसली तर ती खोल गेल्याचा संशय घ्यावा लागतो.

पहिली शस्त्रक्रिया दुर्बिणीतूनच होते. कंबरेत भूल देऊन विजेच्या तारेच्या कड्याने गाठ थराथराने कापून काढतात. या शस्त्रक्रियेतून उपचारही होतो आणि निदानही पक्के होते, कारण गाठीखालचा स्नायूचा तुकडा वेगळा पाठवला तरच रोग किती खोल आहे ते कळते. तपासणीच्या अहवालात ‘स्नायू आढळला नाही’ असे लिहून आले, तर ती शस्त्रक्रिया निदानाच्या दृष्टीने अपुरी समजावी. वृद्ध स्त्रीच्या मूत्राशयाची भिंत पातळ असते, त्यामुळे कापताना भोक पडण्याची भीती जास्त. बाजूच्या भिंतीवरील गाठ कापताना विजेच्या धक्क्याने मांडीची नस चेतावते, पाय अचानक झटकतो आणि नेमके त्या क्षणी कडे खोल जाते. म्हणून अशा गाठीसाठी त्या नसेला आधीच बधिर करतात किंवा संपूर्ण भूल देऊन स्नायू शिथिल करतात. रोग वरवरचा पण उग्र असेल तर दोन ते सहा आठवड्यांत तीच जागा पुन्हा खरवडतात. ‘एकदा काढलं ना, मग परत कशाला?’ हा नातेवाइकांचा प्रश्न स्वाभाविक आहे. पण पहिल्या वेळी राहून गेलेला रोग दुसऱ्या वेळी सापडण्याचे प्रमाण इतके आहे की हा दुसरा टप्पा टाळणे परवडत नाही.

वरवरच्या उग्र रोगात खरवडल्यानंतर मूत्राशयात बीसीजीचे औषध सोडतात. बाळाच्या डाव्या दंडावर क्षयाविरुद्ध टोचतात तोच हा जंतू, इथे मात्र तो मूत्राशयाच्या अस्तरात शरीराची प्रतिकारशक्ती चेतवतो. कॅनडात अल्वारो मोरालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६मध्ये हा उपचार प्रसिद्ध केला आणि आजही तोच पहिल्या पसंतीचा आहे. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट याच कामासाठी वेगळे बीसीजी तयार करते. आठवड्यातून एकदा असे सहा वेळा, आणि पुढे ठरावीक अंतराने तीन वर्षांपर्यंत औषध सोडतात. दर वेळी ते तास-दोन तास धरून ठेवायचे असते. खोकलताना लघवी सुटणाऱ्या किंवा ‘अंग बाहेर येण्याचा’ त्रास असलेल्या बाईला ते जमत नाही आणि औषध वाया जाते. डॉक्टरने आधी विचारले नाही तर ती आपणहून सांगतही नाही. अंग वर बसवणारी कडी लावून किंवा औषध सोडल्यावर आडवे निजवून हा प्रश्न बराच सुटतो.

रोग स्नायूत शिरला असेल, किंवा बीसीजीला न जुमानता पुन्हा पुन्हा उग्र रूपात येत असेल, तर मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया सांगितली जाते. जर्मनीत कोलोन इथे बर्नहार्ड बार्डेनहॉयर यांनी १८८७मध्ये पहिल्यांदा अख्खे मूत्राशय काढले. रुग्ण दोन आठवड्यांत दगावला. मूत्राशय काढल्यावर लघवी कुठे न्यायची, हा प्रश्न तेव्हा सुटलेला नव्हता. तो टिकाऊपणे सुटायला १९५०पर्यंतचा काळ गेला. त्या वर्षी अमेरिकेतील यूजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याच्या तुकड्यातून लघवी पोटावर आणण्याची पद्धत मांडली. आज जगभर, आणि वृद्ध स्त्रियांत तर विशेषच, हीच पद्धत सर्वांत जास्त वापरली जाते.

स्त्रियांमध्ये पूर्वी मूत्राशयाबरोबर मूत्रमार्ग, गर्भाशय, दोन्ही अंडाशय आणि योनीची पुढची भिंत असे सगळे एकत्र काढत. रोग मागे पसरला असेल या भीतीने ही पद्धत रूढ झाली. पण काढलेल्या अवयवांच्या तपासण्या जमा होत गेल्या तेव्हा दिसले की जननेंद्रियांत रोग पोचलेल्या स्त्रिया शंभरात पाच-सातांहून फारशा जास्त नसतात. त्यामुळे गाठ मागच्या भिंतीवर किंवा मूत्राशयाच्या मानेवर नसेल, तर योनीची भिंत आणि कधी गर्भाशयही वाचवण्याकडे कल वाढला आहे. ‘या वयात काय करायचंय ते ठेवून’ हा विचार चुकीचा आहे. योनीची भिंत ओटीपोटातल्या अवयवांना आधार देते. ती काढली की पुढे आतडे खाली उतरण्याचा, टाके उसवण्याचा आणि नव्याने बांधलेल्या मार्गात छिद्र पडण्याचा धोका वाढतो. शिवाय साठीनंतर स्त्रीला लैंगिक आयुष्य नसते हे परस्पर गृहीत धरण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिला विचारावे, एवढे साधे हे काम आहे.

गर्भाशय पूर्वीच काढलेल्या बाईची शस्त्रक्रिया अधिक अवघड होते. मूत्राशय आणि योनी यांच्यामधली सैल जागा जुन्या टाक्यांमुळे घट्ट चिकटलेली असते आणि ती सोडवताना रक्त जाते. एरवीही स्त्रियांमध्ये योनीच्या दोन्ही बाजूंच्या शिरांच्या जाळ्यामुळे या शस्त्रक्रियेत रक्तस्राव जास्त होतो आणि रक्त चढवण्याची वेळ पुरुषांपेक्षा अधिक वेळा येते. महिनोन् महिने लघवीतून रक्त गेल्याने हिमोग्लोबिन आधीच उतरलेले असते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी दोन-तीन आठवडे हाताशी असतील तर ते शिरेतून लोह देण्यात आणि खाणे सुधारण्यात घालवावेत. त्याहून जास्त रेंगाळणेही बरे नाही. निदानानंतर बारा आठवड्यांच्या पुढे शस्त्रक्रिया लांबली तर आयुर्मान घटते, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे.

मूत्राशयाबरोबर ओटीपोटातील लसिका ग्रंथीही काढतात. ही शस्त्रक्रिया पोट उघडून करावी की रोबोटने, याविषयी रुग्णांच्या घरी फार चर्चा होते. २०१८ आणि २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवले की कर्करोगावरचा परिणाम दोन्हींत सारखाच आहे. रोबोटने रक्त कमी जाते आणि रुग्ण थोडा लवकर घरी जातो, इतकाच फरक. यंत्र कोणते यापेक्षा तो शल्यविशारद आणि ते रुग्णालय वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करते, हा प्रश्न विचारणे अधिक शहाणपणाचे.

लघवी कुठे न्यायची, हा प्रश्न बाईच्या पुढच्या रोजच्या जगण्याचा आहे. तीन वाटा आहेत. पहिली ब्रिकर यांची. लहान आतड्याचा सुमारे पंधरा सेंटिमीटरचा तुकडा वेगळा काढून त्याच्या एका टोकाला दोन्ही मूत्रनलिका जोडतात आणि दुसरे टोक बेंबीच्या खाली उजव्या बाजूला पोटावर आणतात. त्यावर पिशवी चिकटवतात. दुसरी वाट नव्या मूत्राशयाची. आतड्याचा चाळीस-साठ सेंटिमीटरचा भाग उघडून, गोलाकार शिवून तो मूळ मूत्रमार्गाला जोडतात, म्हणजे बाहेर पिशवी लागत नाही. १९९०च्या दशकापर्यंत स्त्रियांत हे अशक्य समजले जाई, कारण मूत्रमार्गात रोग राहील आणि लघवी सुटत राहील, अशी भीती होती. मूत्राशयाच्या मानेत रोग नसेल तर मूत्रमार्गात तो सहसा नसतो, हे सिद्ध झाल्यावर ही वाट खुली झाली. शस्त्रक्रिया चालू असतानाच मूत्रमार्गाच्या कडेचा तुकडा गोठवून तपासतात. पण नव्या मूत्राशयाला भरल्याची जाणीव नसते; घड्याळ बघून, रात्रीही उठून ते रिकामे करावे लागते. स्त्रियांत ते पूर्ण रिकामे न होण्याची तक्रार पुरुषांपेक्षा जास्त, आणि मग दिवसातून चार-पाच वेळा स्वतः नळी घालावी लागते. मोतीबिंदू झालेल्या, बोटे वाकलेल्या, गावी एकट्या राहणाऱ्या पंचाहत्तरीच्या बाईला हे जमणे कठीण. मूत्रपिंडे कमकुवत असतील तर ही वाट बंदच, कारण आतडे लघवीतली आम्ले परत शोषते. तिसरी वाट सर्वांत साधी : आतडे न वापरता मूत्रनलिकाच थेट त्वचेवर आणणे. नळ्या वरचेवर बदलाव्या लागतात आणि तोंड आकसते; तरी शस्त्रक्रिया आखूड होते आणि आतड्याच्या जोडाचा धोका टळतो. फार अशक्त बाईसाठी ही वाट कमीपणाची मानू नये.

पोटावरच्या तोंडाची, म्हणजे स्टोमाची, जागा शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी बाई जागी असताना ठरवावी लागते. तिला उभे करून, बसवून, वाकवून आणि उकिडवे बसवून पाहतात. पोटाला घडी पडते ती जागा टाळायची. नेहमी नेसते ते लुगडे किंवा पातळ नेसायला सांगायचे, परकराची नाडी किंवा निऱ्या खोचण्याची रेषा कुठे येते ते पाहायचे आणि त्या रेषेपासून दूर, तिला स्वतःला वाकून दिसेल अशा ठिकाणी शाईची खूण करायची. नाडीखाली आलेली पिशवी दिवसभरात दबते, गळते, आणि गळती सुरू झाली की बाई माणसात बसणे सोडते. देवळात जात नाही, लग्नाला जात नाही, नातवाला मांडीवर घेत नाही. हा त्रास टाळायला शाईची एक खूण पुरते, आणि तरीही घाईत ती राहून जाते.

पिशवीला खाली तोटी असते, पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करायची. रात्री तिला लांब नळी लावून मोठी पिशवी जोडतात. तीन ते पाच दिवसांनी सकाळी उठल्या उठल्या, चहा-पाणी घेण्यापूर्वी ती बदलावी, कारण तेव्हा लघवी कमी झिरपते. त्वचा साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करायची. तेल, पावडर लावायची नाही. तळपट्टीचे भोक स्टोमाच्या मापाचे हवे. ते मोठे राहिले तर उघडी त्वचा लघवीने सोलवटते. मे महिन्यात घामाने पट्टी सुटते, तेव्हा बदल वरचेवर करावा लागतो आणि खर्च वाढतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयात या कामाचे खास शिक्षण परिचारिकांना दिले जाते. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अशी एक तरी परिचारिका असणे, हे नव्या यंत्रांपेक्षा अधिक निकडीचे आहे.

शस्त्रक्रिया झेपेल का, हे ठरवण्याची साधने साधी आहेत. चार मीटर नेहमीच्या चालीने चालायला पाच सेकंदांहून जास्त लागत असतील, तर तो दुबळेपणाचा इशारा. गेल्या सहा महिन्यांत वजन किती उतरले, स्वयंपाक, अंघोळ, बाजार ती स्वतः करते का, पडली होती का, विसरते का, हे प्रश्न घरच्यांना विचारायचे. रक्तातील अल्ब्युमिन, हृदयाची सोनोग्राफी, मूत्रपिंडाचे क्रिएटिनिन या तपासण्या होतात. क्रिएटिनिनचा आकडा वृद्ध, किरकोळ बाईच्या बाबतीत फसवतो. अंगात मांस कमी असल्याने तो चांगला दिसतो आणि मूत्रपिंडे मात्र निम्म्यानेच काम करत असतात, म्हणून वय धरून केलेले गणित पाहावे. मूर्तिजापूर तालुक्याचा बराच भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी इथे घरोघरी ऐकू येतात. गाठीमुळे मूत्रनलिका दबून मूत्रपिंड फुगले असेल तर पाठीतून नळी घालून ते आधी मोकळे करतात.

मूत्रपिंडांचा हा हिशेब औषधोपचारालाही लागतो. स्नायूत शिरलेल्या रोगात शस्त्रक्रियेपूर्वी सिसप्लाटिनवर आधारलेली केमोथेरपी दिली तर आयुर्मान वाढते. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत केमोथेरपी घेतलेल्यांचे मध्यम आयुर्मान ७७ महिने, नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांचे ४६ महिने होते. पण सिसप्लाटिन मूत्रपिंडांवर कठोर आहे आणि वृद्ध रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना ते देता येत नाही. प्रतिकारशक्ती चेतवणारी नवी इंजेक्शने अलीकडे आली आहेत; त्यांचा खर्च सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचा आहे.

शस्त्रक्रिया मोठीच आहे, हे झाकून ठेवू नये. न्यूयॉर्कच्या एका नामांकित कर्करोग संस्थेने २००९मध्ये आपल्या ११४२ रुग्णांची नोंद मांडली. नव्वद दिवसांत ६४ टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली, १३ टक्क्यांना गंभीर. आतडी मंदावणे, संसर्ग, पायात रक्ताच्या गुठळ्या या नेहमीच्या. ऐंशीनंतर मृत्यूचा धोका ठळकपणे वाढतो. त्यावर उपाय म्हणून आता शस्त्रक्रियेच्या आधीपासून तयारी करून घेतात : रोज चालणे, तीन गोळ्यांच्या यंत्रातून श्वास आत ओढण्याचा व्यायाम, अंडी, दूध, डाळ, शेंगदाणे वाढवणे. शस्त्रक्रियेपूर्वी एनिमा देत नाहीत, दोन तास आधीपर्यंत साखरेचे पाणी देतात, दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवतात, गुठळ्या टाळायला घरी गेल्यावरही चार आठवडे इंजेक्शन चालू ठेवतात. वृद्ध बाई रात्री अचानक बरळू लागते, नळ्या ओढते. तेव्हा तिला बांधून ठेवण्यापेक्षा तिचा चष्मा, कानाचे यंत्र आणि ओळखीचे माणूस जवळ असणे जास्त कामाचे ठरते.

मूत्राशय न काढताही बरे करण्याची एक वाट आहे आणि वृद्ध स्त्रियांना ती पुरेशी सांगितली जात नाही. दुर्बिणीतून गाठ शक्य तितकी पूर्ण काढायची आणि मग किरणोपचारासोबत केमोथेरपीचे हलके डोस द्यायचे. ब्रिटनमधील २०१२च्या चाचणीत नुसत्या किरणोपचारापेक्षा दोन्ही मिळून दिल्याने रोगाला आवर चांगला बसला. दोन वर्षांनी ओटीपोटात रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ५४ टक्क्यांवरून ६७वर गेले. २०२३मध्ये ७२२ रुग्णांच्या तुलनेत पाच वर्षांनंतरचे निकाल मूत्राशय काढणाऱ्या शस्त्रक्रियेइतकेच दिसले. यासाठी गाठ एकच आणि मर्यादित हवी, मूत्रपिंडे फुगलेली नकोत आणि मूत्राशय मुळात नीट काम करणारे हवे. सहा-सात आठवडे रोज किरणोपचाराला जावे लागते, आणि मूर्तिजापूरहून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या नागपूरला ते घ्यायचे म्हणजे राहण्याची सोय आधी पाहावी लागते.

सोयी आहेत, त्या माहीत हव्यात. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. तुकडोजी महाराजांचे निधन १९६८मध्ये कर्करोगानेच झाले होते. मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१पासून परळला आहे. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात वाढलेल्या गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा टाटातल्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. वऱ्हाडातून जाणाऱ्या कुटुंबाला तिचा पत्ता औषधाच्या चिठ्ठीइतकाच उपयोगी आहे. २०१२मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत राज्याची जीवनदायी योजना सुरू झाली, त्यांत अमरावती होता. आज तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रिया तिच्यात बसतात. सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळते. पिशव्यांचा खर्च मात्र आयुष्यभराचा असतो, तो आधीच धरून चालावे.

या सगळ्यात बाईचे मत कुठे असते? संमतीपत्रावर अंगठा तिचा असतो, निर्णय मात्र अनेकदा मुलगा-जावई घेऊन मोकळे झालेले असतात. ‘मायला सांगू नका, हाय खाईल’ असे डॉक्टरला बजावले जाते. पण पोटावर पिशवी घेऊन जगायचे आहे ते तिला. आधी न सांगितलेल्या बाईला शुद्धीवर आल्यावर पोटावर पिशवी दिसते तेव्हा बसणारा धक्का रोगाच्या नावापेक्षा मोठा असतो, आणि अशी बाई पिशवीची काळजी शिकायलाही तयार होत नाही. तिला एकटीला, तिच्या बोलीत, शक्य तर स्टोमा घेऊन जगणाऱ्या दुसऱ्या बाईची गाठ घालून सांगावे. सगळे कळल्यावर तिने शस्त्रक्रिया नाकारली, तर त्या नकाराचाही मान राखावा.

बरे करणे शक्य नसते तेव्हाही उपचार संपत नाहीत. रक्त थांबत नसेल तर दुर्बिणीतून रक्तवाहिन्या जाळणे, थोड्या दिवसांचे किरणोपचार, गुठळ्या धुणारी जाड नळी, दुखण्यावर मॉर्फिन, हे सारे तिच्या हक्काचे आहे. शस्त्रक्रिया होऊन बऱ्या झालेल्या बाईला पहिली दोन-तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे वर्षाला बोलावतात. छाती आणि पोटाचा सीटी स्कॅन, मूत्रपिंडे फुगली आहेत का याची सोनोग्राफी, रक्तातले आम्ल आणि क्रिएटिनिन पाहतात. आतड्याचा तुकडा वापरल्याने काही वर्षांत ब जीवनसत्त्वातले बी-१२ कमी पडू शकते. हातापायांना मुंग्या, तोल जाणे, विसरणे या तक्रारी ‘वयाच्या’ म्हणून सोडून न देता वर्षातून एकदा त्याची तपासणी करून इंजेक्शन द्यावे. दुर्बिणीतून गाठ काढून मूत्राशय राखलेल्या बाईला मात्र दुर्बीण तपासणी ठरल्या वेळी करून घ्यावीच लागते. पहिली तीन महिन्यांनी, आणि उग्र रोगात पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, रक्त दिसो वा न दिसो.